बंबावरचा हात

माझं काम म्हणजे गरम वस्तूंचे फोटो काढणं. कारखान्यांत, वीज उपकेंद्रांत जायचं, तारांच्या जोडांवर कॅमेरा रोखायचा आणि कुठला जोड जळायच्या बेतात आहे ते सांगायचं. पडद्यावर गार ते काळंनिळं दिसतं, गरम ते पिवळं, आणि फारच तापलेलं पांढरंफेक. लोकांना वाटतं, कॅमेरा तापमान बघतो. तसं नाही. वस्तू जेवढी उष्णता बाहेर टाकते, तेवढीच त्याला दिसते. आणि सगळ्या वस्तू सारख्या दानशूर नसतात.

अगदी काळा, खरबरीत पृष्ठभाग जवळजवळ सगळी उष्णता देऊन टाकतो. पुस्तकातला आदर्श काळा पदार्थ तर काहीच राखून ठेवत नाही. पण तो पुस्तकातच भेटतो. खऱ्या वस्तू कमीजास्त कंजूष असतात. घासूनपुसून लख्ख केलेलं तांबं म्हणजे तर कवडीचुंबक. स्वतः उकळत असलं तरी कॅमेऱ्याला थंड भासवणार, वर समोरच्या माणसाची ऊब आरशासारखी परत फेकून तीच आपली म्हणून मिरवणार. दुसऱ्याच्या जिवावर उदार! म्हणून माझ्या पर्समध्ये काळ्या चिकटपट्टीचं रीळ असतं. चकचकीत धातूवर तिचा तुकडा लावायचा आणि आकडा त्या तुकड्यावरचा वाचायचा. धातू खोटं बोलतो, चिकटपट्टी बोलत नाही.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढं जे झालं ते मी याच डोळ्यांनी बघत होते.

जानेवारीत भोपाळहून सिंधूकाकूंचा फोन आला. पिपलानीत, कारखान्याच्या वसाहतीत, त्यांच्या आणि आमच्या क्वार्टरची भिंत एकच. मूळच्या नागपूरच्या, मनानं मोकळ्या आणि आवाजानं त्याहून.

"कांचन, तू येऊन जा व बाई एकदा. तुझे बाबा रोज पहाटे मागच्या व्हरांड्यात बंबाला टेकून बसून राहतात. एवढी ठंड पडून राहिली, अन् हे नुसत्या बनियनवर! मी म्हटलं, भाऊजी, शाल तरी घ्या. तर म्हणतात, कशाला, मनोरमेनं बंब तापवलाय की."

"बंब पेटवतात का ते?"

"कुठचं! वहिनी गेल्या तेव्हापासून काडी नाही लागली त्याला. मला काही बरोबर नाही वाटून राहिलं."

मनोरमा म्हणजे माझी आई. ती जाऊन वर्ष उलटलं होतं. बाबा कारखान्याच्या स्टोअर्समधून केव्हाच निवृत्त झालेले, क्वार्टर भाड्याच्या करारावर राखलेलं, आणि तो करार मार्चमध्ये संपणार होता. मी सगळं ठरवून टाकलं होतं: बाबा पुण्याला माझ्याकडे येणार, कपाटं काकूंच्या भाचीला, आणि बंब मोडीत. माझ्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये मी वळले तरी कोपर नळाला लागतं, तिथं बंब कुठं ठेवणार? बाबा सगळ्याला मान हलवत होते. फक्त निघायची तारीख विचारली की त्यांना कमी ऐकू यायचं.

भोपाळजवळच्या मंडीदीपच्या एका कारखान्यातलं काम मी मुद्दाम मागून घेतलं आणि कॅमेऱ्यासकट भोपाळला पोचले.

बाबा बरे दिसत होते, आणि त्याचीच मला जास्त काळजी वाटली. दाढी केलेली, अंगणातल्या पेरूला आळं केलेलं, चहात साखर बरोबर. बोलणंही स्वच्छ. फक्त चहा पिताना व्हरांड्याकडे बघून म्हणाले, "आज उशिरा तापला. थंडी जास्त आहे ना."

मी कप खाली ठेवला. चाळीस वर्षं नटबोल्टांत घालवलेला हा माणूस. घरात कधी देवापुढे उदबत्ती लावायची झाली तरी आईला हाक मारायचा. त्याच्या डोक्याचं काहीतरी बिनसतंय, असं मला वाटलं.

बंब तिथंच होता, व्हरांड्याच्या कोपऱ्यात. तांब्याचा, फुगीर पोटाचा, मधोमध विस्तवाची नळी, खाली तोटी. आईच्या लग्नातला. अख्ख्या वसाहतीत गीझर आले तरी तिनं तो सोडला नाही. कारखान्याच्या पॅकिंगच्या खोक्यांची फळकुटं मिळायची, त्यांच्या ढलप्यांवर तो पेटायचा. भोंगा व्हायच्या आधी पाणी तयार. तापलंय का हे बघायची तिची एकच रीत होती: उजवा तळवा बंबाच्या पोटावर टेकवायचा आणि चटका बसायच्या आत काढायचा. त्या हाताची करंगळी कधीतरी दारात सापडून मोडली होती, ती बाहेरच्या बाजूला वाकडीच राहिली. त्या करंगळीवर शाळेत असताना माझा फार जीव. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी रस्त्यावर, अगदी बुटकी. शाळेची बस आली की आई पोळ्या टाकून आतून काचेवर हात टेकवायची आणि बाहेरून मी माझा टेकवायचे. बस हलेपर्यंत. मैत्रिणी हसायच्या, पण ते केल्याशिवाय माझा पाय उचलायचा नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन व्हरांड्यात आल्यावर मी कॅमेरा काढला. खरं तर बाबांना दाखवायला, की बघा, काही नाही. पडद्यावर बंब निळसर दिसला, त्यात माझीच धूसर नारिंगी आकृती. तांब्याची नेहमीची लबाडी. आणि पोटाच्या मध्यावर, स्वच्छ पिवळा, एक हात.

पाच बोटं, तळवा, आणि वाकडी करंगळी.

मी घाबरले नाही. उलट हायसंच वाटलं, कारण याचं उत्तर मला पाठ होतं.

"बाबा, इकडे या. हा बघा आईचा हात."

ते वाकून बघत राहिले. त्यांनी पडद्याला बोट लावलं नाही. नुसते डोळे भरून आले त्यांचे.

"पण हा जुना हात आहे," मी म्हटलं. "वर्षानुवर्षं एकाच जागी तेलाकणकेचा तळवा टेकला, तिथलं तांबं किंचित काळवंडलंय. डोळ्यांना कळत नाही एवढंच. काळवंडलेली जागा उष्णता सढळ हातानं बाहेर टाकते, चकचकीत जागा टाकत नाही. बंब सगळा सारखाच तापलाय, उन्हानं. फक्त ही जागा खरं बोलते."

"हं. आणि ऊन यायच्या आधी?"

"आधी तुम्हाला वाटतं, बाबा. सवयीनं."

"बरं," ते म्हणाले. हे त्यांचं स्टोअर्समधलं 'बरं'. होकार नाही, नकार नाही. माल बघून ठरवू.

मग मीच पैज लावली. हा नुसता डाग आहे असं मी सिद्ध केलं, तर मार्चची वाट न बघता त्यांनी माझ्याबरोबर निघायचं. नाही करता आलं, तर करार वाढवून घ्यायला मी स्वतः ऑफिसात जाऊन उभी राहीन आणि पुन्हा पुण्याचं नाव काढणार नाही. बाबांनी माझ्या हातावर टाळी दिली. लहानपणी बुद्धिबळात हरायच्या आधी ते अशीच टाळी द्यायचे, मला जिंकू द्यायचं ठरवलेलं असायचं तेव्हा. पण या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर ते नव्हतं.

डाग असेल तर घासल्यावर जाईल. मी चिंच आणि मीठ घेऊन बसले आणि दुपारभर बंब घासला. बाबा वेताच्या मोड्यावर बसून बघत होते.

"तीही दर दिवाळीला घासायची असाच," ते म्हणाले. "जोर कमी पडतोय तुझा."

संध्याकाळी बंब असा झळकत होता की सिंधूकाकू कुंपणावरून म्हणाल्या, "वहिनी असत्या तर दृष्ट काढली असती!" मी कॅमेऱ्यातून पाहिलं. कुठं काही नव्हतं. नुसती लख्ख, लबाड तांब्याची भिंत आणि तिच्यात मी.

सकाळी जाग आली ती बाबांच्या खोकल्यानं. ते व्हरांड्यात होते. ऊन आलेलं नव्हतं, पेरूच्या झाडात अजून धुकं अडकलेलं. बाबा बंबाला पाठ टेकून बसले होते, अंगात बनियन, आणि ते कुडकुडत नव्हते. मला शाल पांघरूनही हुडहुडी भरली होती.

"जरा सरका," मी म्हटलं आणि कॅमेरा रोखला.

हात होता. त्याच जागी.

मी बाबांचा पंजा बंबावर टेकवून बघितला. तो त्या हाताच्या दीडपट, बोटं सरळसोट. त्यांनी कसलीही तक्रार न करता मला हात वळवू दिला, डॉक्टरला द्यावा तसा.

तरीही मी हटले नाही. तांब्यात खोलवर काही मुरलं असेल, घासून फक्त वरचं गेलं असेल. ऊब असेल ती बाबांच्या पाठीची. आता एकच खात्रीची तपासणी उरली होती.

"बंबात बर्फ घालायचा," मी म्हटलं. "बंब गार झाला, की डागाची जागा आपला गारवाही तेवढ्याच खरेपणानं दाखवणार. हात पिवळा नाही, काळा दिसेल. माझ्या चिकटपट्टीसारखा."

"आणि पिवळाच दिसला तर?"

"तर तुम्ही जिंकलात."

बाबा हळू आवाजात म्हणाले, "बर्फ नको घालूस, कांचन. दुसरं काहीतरी कर."

"पैज आहे, बाबा."

बंब आम्ही दोघांनी उचलून स्वयंपाकघरात आणला. तिथं ऊन नाही, वारा नाही. डेअरीवाल्याकडून बर्फाची लादी आणली, उरलेला सिंधूकाकूंनी आपल्या फ्रीजमधून दिला. "एवढ्या ठंडीत बर्फ? बाप-लेक दोघंही कामातून गेले की काय!" असं म्हणून त्या भाजी फोडणीला टाकायला परत गेल्या. मी बर्फ फोडून बंबात भरला, वर पाणी ओतलं, झाकण लावलं. पोटावर, हाताच्या जागेपासून जरा दूर, काळ्या चिकटपट्टीचा तुकडा दाबून बसवला.

मग आम्ही वाट बघत बसलो.

पडद्यावर आधी चिकटपट्टी गार होत गेली. निळी, गडद निळी, काळी. तांबं मात्र त्या गावचंच नसल्यासारखं आम्हा दोघांच्या नारिंगी सावल्या दाखवत बसलेलं. हाताच्या जागी अजून काहीच दिसत नव्हतं. मी बाबांकडे बघून हसले. ते हसले नाहीत.

हळूहळू बंबावर दव धरायला लागलं. याचा मी विचार केला नव्हता, पण ते माझ्या पथ्यावरच पडलं. पाण्याचा पातळ थरही चिकटपट्टीसारखाच, खरं बोलणारा. दव धरलं तसा सगळा बंब पडद्यावर काळा पडत गेला. तोटी काळी. कडा काळ्या. आमच्या सावल्या विझल्या.

मध्ये एक जागा विझली नाही.

"बघ," बाबा म्हणाले. ते पडद्याकडे बघत नव्हते. बंबाकडेच बघत होते.

मी कॅमेरा खाली केला. साध्या डोळ्यांना दिसत होतं. सगळ्या तांब्यावर पांढुरकं दव होतं, आणि दवात कोरडा राहिलेला एक हात. करंगळी वाकडी. पण बोटं पसरलेली नव्हती. एकमेकांना चिकटून, आखडून घेतलेली होती.

प्रतिबिंब असेल, मी स्वतःला म्हटलं. कोरडं तांबं आरशासारखं माझीच ऊब दाखवत असेल. मी डावीकडे सरकले. उजवीकडे सरकले. कॅमेऱ्यातला हात हलला नाही. मी बाबांना दाराबाहेर उभं केलं. हात हलला नाही.

मग मी उजवा तळवा त्यावर टेकवला.

भोवतीचं तांबं हाडापर्यंत गार होतं. तळव्याखाली मात्र ऊब होती. तापलेल्या धातूची नव्हे. माणसाची.

"गरम आहे, बाबा," मी म्हटलं. "तुम्ही जिंकलात."

ते दारातून आत आले.

मी हात काढत नव्हते. पण तो नीट बसतही नव्हता. आईच्या करंगळीवर माझा अंगठा येत होता. उजव्या हातावर उजवा हात, मग असं का? मी हात काढला, डावा ठेवला. अंगठ्यावर अंगठा आला, बोटावर बोट, करंगळीशी करंगळी. अगदी बरोबर.

बस उभी असायची तेव्हा माझ्या उजव्या हातात पाण्याची बाटली असायची. काचेला मी नेहमी डावा हात लावायचे.

बाहेरून मी डावा. आतून ती उजवा.

"बाबा," मी म्हटलं, "हा हात बाहेरून टेकलेला नाही."

"बर्फ काढ," बाबा म्हणाले. आणि मग ते ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडले: "काढ आधी तो बर्फ! थंडी सोसत नाही तिला, माहीत नाही तुला?"

मी तोटी सोडली. बाबांनी झाकण फेकलं आणि दोन्ही हातांनी बर्फ उपसायला लागले. त्यांची बोटं लाल झाली, स्वयंपाकघरभर पाणी झालं. मी गीझरच्या पाण्याच्या बादल्या आणून बंबात ओतत होते आणि लहान पोरीसारखी रडत होते. का रडत होते ते सांगते: मला तिची फार, फार आठवण येत होती, आणि मी तिच्यावर बर्फ ओतला होता.

पाणी कोमट झालं. दव उडून गेलं. डोळ्यांना आता नुसतं घासलेलं तांबं दिसत होतं.

मी कॅमेरा उचलला.

हात तिथंच होता. आखडलेली बोटं सुटत होती. एकेक, सावकाश, ती पसरली.

बाबा ओल्या फरशीवर तसेच बसले होते. तिथूनच म्हणाले, "मी घरासाठी अडून नव्हतो बसलो गं. घर काय, कारखान्याचं. तू बंब मोडीत देणार होतीस."

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर विश्वास ठेवला असतास?"

करार वाढवायला ऑफिसात जायची वेळ आलीच नाही. पैज बाबांनी जिंकली आणि तारीखही त्यांनीच सांगितली. सामान ट्रकनं आलं, बंब आमच्याबरोबर रेल्वेनं, आईच्या शालीत गुंडाळून, खिडकीजवळच्या सीटवर. सिंधूकाकू स्टेशनवर आल्या होत्या. शालीकडे बघून त्यांनी काही विचारलं नाही, फक्त तिची सुटलेली कड नीट खोचली.

आता तो पुण्यात माझ्या स्वयंपाकघरात आहे, फ्रीज जिथं ठेवायचा होता तिथं. फ्रीज हॉलमध्ये गेला, पाहुणे हसतात. थंडीत बाबा रोज संध्याकाळी बंबात ऊन पाणी घालतात. रात्रभरात ते निवून जातं, पण त्यांची समजूत की तेवढा आधार होतो. कॅमेरा मी पुन्हा त्याच्यावर धरला नाही. गरज नाही. कामाला निघताना पर्स उजव्या खांद्यावर घेते आणि डावा तळवा बंबाला टेकवते. तो कुठं टेकवायचा हे आता न बघता कळतं. तिथं ऊब असते. मग माझा पाय उचलतो.

परवा मात्र उशीर झाला होता, रिक्षा खाली उभी, बाबा अंघोळीला गेलेले. मी घाईत हात टेकवला तो भलत्याच ठिकाणी, पार मागच्या बाजूला, भिंतीकडे. तांबं गारच होतं. चुकलं हे लक्षात आलं आणि मी हात काढणार, तेवढ्यात तळव्याखाली हळूहळू ऊब आली. अंगठ्याखाली अंगठा, करंगळीशी वाकडी करंगळी.